गुन्हा दाखल झालाय? आधी कलमं वाचा, मग त्याच कोर्टातला वकील गाठा

शेताच्या बांधावरून भांडण होतं आणि संध्याकाळी ठाण्यातून फोन येतो, ‘तुमच्याविरुद्ध फिर्याद आलीय, उद्या हजर राहा.’ पुढची धावपळ बहुतेक घरांत सारखीच. कुणी पुढाऱ्याच्या पीएला फोन लावतं, कुणी मेहुण्याच्या ओळखीतल्या मुंबईच्या वकिलाला. कलमं कोणती लागली, हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिले काही तास दोनच कामांना द्या: कागद मिळवणं आणि ज्या कोर्टात प्रकरण जाणार तिथं रोज उभा राहणारा वकील शोधणं.

कागद हातात घ्या

ठाण्यातून गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख आणि तपासी अंमलदाराचं नाव लिहून घ्या. एफआयआरची प्रत आरोपीलाही मिळते. एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दिला आहे. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ती शोधता येते. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं तिथं टाकत नाहीत. अशा वेळी प्रतीसाठी अर्ज करावा लागतो.

एफआयआर वाचताना तीन जागा नीट पाहा. पहिली, अधिनियम आणि कलमं. दुसरी, घटना कधी घडली आणि खबर ठाण्यात कधी पोचली. या दोन्हींत चार दिवसांचं अंतर असेल, तर वकिलाला ते लगेच सांगा. तिसरी, शेवटची हकिकत. तुमच्या माणसानं नेमकं काय केलं असं फिर्यादी म्हणतो, त्या ओळी पेनानं अधोरेखित करा. ‘काठीनं मारलं’ आणि ‘तिथं उभा होता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कलमं समजून घ्या

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घटना त्याआधीची असेल तर जुन्या भादंविचीच (भारतीय दंड विधानाचीच) कलमं लागतात. गावाकडे अजूनही ‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’ असंच बोलतात. नव्या कायद्यात ती 115(2), 352 आणि 351(2) झाली आहेत. म्हणजे मारहाण, चिथावणारा अपमान आणि धमकी. सोबत बहुतेक वेळा 3(5) असतं, म्हणजे पूर्वीचं 34. तो स्वतंत्र गुन्हा नाही. सगळ्यांचा इरादा एकच होता, असं त्यातून म्हटलेलं असतं, आणि म्हणूनच हात न उचललेल्या भावाचंही नाव यादीत येतं.

प्रत्येक कलमापुढे तीन प्रश्न लिहा: दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र (जामीन हक्कानं मिळतो असा) की अजामीनपात्र, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती? उत्तरं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीत तक्त्यात दिली आहेत. वरची तिन्ही कलमं अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. तेवढीच असतील तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हकिकतीत कोयता किंवा कुऱ्हाड आली की 118(1) लागतं, म्हणजे घातक हत्यारानं इजा. ते दखलपात्र असल्यानं सगळं प्रकरणच दखलपात्र होतं. पुढे दवाखान्याच्या इजा प्रमाणपत्रात हाड मोडल्याचं आलं तर 118(2) (अशाच हत्यारानं गंभीर इजा) लागू शकतं, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कोर्टाच्या भाषेत ही ‘कलमवाढ’. म्हणून पहिल्या दिवशीच्या कलमांवर निर्धास्त राहू नका.

शिक्षा 7 वर्षांपर्यंत असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे हजर राहण्याची नोटीस येते. ती घ्या, पोच ठेवा आणि दिलेल्या वेळी हजर राहा. टाळाटाळ केली तर अटकेला कारण मिळतं. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे, आणि चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. तपासातल्या जबाबावर आरोपीची सही लागत नाही.

वकील कुठला?

मारामारीचं प्रकरण तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर चालणार असेल, तर तिथला फौजदारी वकील हवा. रिमांडची (कोठडीसाठी आरोपीला कोर्टापुढे आणण्याची) वेळ, जामीनदाराचे कागद, सरकारी वकिलाचा पवित्रा हे त्याला ठाऊक असतं. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जावं लागतं. अ‍ॅट्रॉसिटी, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), अमली पदार्थ असा विशेष कायदा लागला असेल, तर तीच प्रकरणं चालवणारा माणूस पाहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तर अटकपूर्व जामिनालाच मुळात बंदी आहे.

कोर्ट खुलं असतं. सकाळी अकराला जाऊन तासभर बसा. कोण तयारीनं बोलतो आणि कोण नुसती तारीख मागतो, ते दिसतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं शोधलं तर त्याची प्रकरणं फौजदारी आहेत की नुसती जमिनीची, तेही कळतं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे मोठमोठ्या दाव्यांच्या पोस्टना भुलू नका. सनद (वकिलीचा परवाना) महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, हे विचारायला लाजू नका.

दोघा-तिघांना भेटा आणि थेट विचारा. ही कलमं असलेली प्रकरणं चालवली आहेत का? तारखेला स्वतः उभे राहाल की ज्युनिअर? फी फक्त जामिनाची की खटला संपेपर्यंतची? पावती मिळेल का? ‘सुटलात तर इतके द्या’ अशी फी ठरवणं वकिलांना नियमानुसार चालत नाही. ‘साहेबांशी बोलून घेतो, शंभर टक्के जामीन’ असं सांगणाऱ्याकडून तिथंच उठा. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

पैसे नसतील तर

कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय. तिथले वकील फौजदारी बचावाचंच काम करतात. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल, हा समज मनातून काढून टाका. घरचं माणूस आत असेल तर रिमांडच्या दिवशीच ‘आम्हाला विधी सेवेचा वकील द्या’ असं न्यायाधीशांना तोंडी सांगितलं तरी चालतं. घरबसल्या विचारायचं असेल तर 15100 हा विधी सेवेचा फोन नंबर आहे.