'चॉप चॉप' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही

आमचा मामा बोटीवर होता, म्हणजे मालवाहू जहाजावर, आणि सुट्टीत मालवणला आला की सकाळी टाळ्या वाजवत आम्हाला उठवायचा, "चॉप चॉप! बेगीन आटपा, होडी थांबाची नाय." आम्हाला वाटायचं नाश्त्याला मटण चॉप आहेत.

तर अर्थ एवढाच, आटप लवकर. आपल्या पटपट, भरभर, बिगीबिगीसारखा डबल शब्द आहे आणि डबलच म्हणायचा, नुसतं एकदा 'चॉप' म्हटलंत तर समोरचा सुरी शोधायला जाईल. वाक्याच्या शेवटी चिकटवायचा, 'गेट रेडी, चॉप चॉप', ग्रामर वगैरे काही नाही.

कापाकापीशी त्याचा काही संबंध नाही पण. शब्द आलाय दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून. 1757 पासून 1842 पर्यंत चीनने युरोपियन व्यापाऱ्यांना एकच बंदर उघडं ठेवलेलं, कॅन्टन, आजचं ग्वांगझू, आणि तिथे चहा न्यायला जहाजं लागायची, मुंबईहून कापूस आणि अफू भरून जायची तीपण. कुणाला कुणाची भाषा येत नाही, मग धक्क्यावर एक मोडकीतोडकी इंग्रजी तयार झाली, तिला पिजिन म्हणतात. कॅन्टोनीजमध्ये घाईला 'गाप' असा काहीसा शब्द आहे, त्याचंच खलाशांच्या तोंडी चॉप झालं असं मानतात.

चॉपस्टिकमधला चॉपपण हाच, म्हणजे 'पटपट काड्या'. आणि हे मला लय आवडतं, चिनीत त्या काड्यांचं जुनं नाव ऐकायला 'थांबणे' या शब्दासारखं यायचं, होडीवाल्यांना ते अशुभ, होडी थांबली तर खाणार काय, म्हणून त्यांनी नाव बदलून 'जलद'सारखं ऐकू येणारं ठेवलं. आपण नारळी पौर्णिमेला नारळ फोडला म्हणतो का? वाढवला म्हणतो. तेच ते.

एक घोळ मात्र करू नका. त्याच बंदरात अजून एक 'चॉप' चालायचा, शिक्का किंवा परवाना या अर्थाने, आणि तो चक्क आपला 'छाप' आहे, हिंदीतून गेलेला. दोघांचं नातं काही नाही.

आता वापरायचं कसं. बरोबरीच्या मित्राला, भावंडांना, पोरांना बिनधास्त म्हणा. बॉसला, कस्टमरला, मोठ्या माणसाला नको, कारण यात 'मी सांगतो, तू पळ' असा सूर आहे, वर टाळी किंवा चुटकी वाजवलीत तर संपलंच. आणि चिनी वंशाच्या माणसाला तर कधीच नको, त्यांना चिडवायलापण हा शब्द वापरला गेलाय. मी ही चूक केलीय. आमच्याकडे होमस्टेला सिंगापूरचं एक कुटुंब होतं, भरती यायच्या आत होडी काढायची होती आणि ते निवांत सनस्क्रीन लावत बसलेले, मी मामासारख्या टाळ्या वाजवून चॉप चॉप म्हटलं, बाईंनी ट्यूबचं झाकण हळूच लावलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. होडीत कोणी बोललं नाही, डॉल्फिन दिसले तरी. नंतर त्यांच्या मुलाने समजावलं तेव्हा कळलं, आणि मी जाऊन सॉरी म्हटलं. आता सरळ 'शॅल वी गो? द टाइड इज कमिंग इन' म्हणतो, कारण सांगितलं की माणसं आपोआप उठतात.

मामाला तर अजिबात म्हणू नका. तो आता रिटायर आहे, परवा बँकेत जायचं होतं म्हणून मी जेवताना म्हटलं, मामा चॉप चॉप, तर त्याने मुद्दाम अजून एक बांगडा वाढून घेतला आणि एकेक काटा चोखत बसला.