बेटावर जायचंय? आधी चहा सोडा

सर्व्हायव्हल, म्हणजे निर्जन जागी तग धरून राहण्याच्या, स्पर्धेचे अर्ज लोक रात्री अकरानंतरच भरत असावेत. दिवसा अक्कल जागी असते. मीही परीक्षेचा निकाल लांबला म्हणून पडल्या पडल्या मोबाईलवर एक अर्ज भरला, मागितलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पाठवला आणि विसरून गेले. पुढे मुलाखत झाली आणि चक्क निवडही झाली. आई म्हणाली, "घरात पाण्याचो हंडो उचलूक नको, नि बेटार जावन काय करतलंस?" तेव्हापासून आमच्या देवगडकडची बरीच मुलं 'अर्ज कसा भरायचा' विचारत येतात, म्हणून हे लिहिते आहे. लहर आली म्हणून अर्ज भरायला काहीच हरकत नाही. निवड झाली की मात्र लहर संपते आणि कंटाळवाणं काम सुरू होतं.

अर्जात शौर्य लिहू नका. 'सर्वांत कठीण प्रसंग' या रकान्यात बहुतेकजण जिम, एखादा अवघड ट्रेक आणि 'मी कधीच हार मानत नाही' असं लिहितात. निवडणारे ते वाचून कंटाळलेले असतात. मी ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, कालवं काढण्याबद्दल लिहिलं होतं. पाय कुठे सरकतो, शिंपेने बोट कापलं की कसं ठणकतं, वाकून काम करताना भरती पाठीमागून कशी येते, एवढंच. मुलाखतीचा अर्धा वेळ त्यावरच गेला. ज्या कामावर लागोपाठ तीन उपप्रश्न आले तरी उत्तर देता येईल, तेवढंच लिहा. भातलावणी, माडावर चढणं, पाग (फेकायचं जाळं) टाकणं, पावसात ओली लाकडं पेटवणं यातलं काहीही चालतं. आपल्याकडची मुलं ही कामं सांगायलाच लाजतात आणि यूट्यूबवर पाहिलेले चाकूचे प्रकार लिहितात.

व्हिडिओ समुद्रावर काढायचा मोह होतो. काढू नका, वाऱ्यात तुमचा शब्दही ऐकू येत नाही. घरामागच्या आगरात उभं राहून बोला, आणि बोलताना हाताने काहीतरी करत राहा. मी नारळ सोलला.

मुलाखतीत 'भूक लागली की तुम्ही कशा वागता' हे हमखास विचारतात. मी भावाला विचारून खरं ते सांगितलं, की आधी चिडते, मग गप्प बसते. 'मी शांत राहते' असं सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. प्रत्यक्ष निवड फेरीत एकजण ऐटीत म्हणाला, कांदळाच्या फांद्या तोडून झोपडी बांधेन. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली आहे. तो पुढच्या यादीत दिसला नाही. याच कारणाने की आणखी कशाने, देव जाणे. पण ज्या किनाऱ्यावर जायचं तिथले नियम माहीत हवेत.

स्पर्धा कोणत्या जातीची आहे हेही विचारा. १९९७ मध्ये स्वीडनच्या टीव्हीवर सुरू झालेल्या प्रकारात माणसं गटात राहतात आणि मतदान करून एकमेकांना बाहेर काढतात. तिथे जीभ सांभाळायला शिका. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाला एकटं सोडतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. माझी या दुसऱ्या जातीची होती.

आता तयारी. सगळे आग पेटवण्याच्या मागे लागतात. सुरूच्या बनात वाळलेल्या काड्या आणि बोंडं, माडाखाली नारळाची सुकलेली सोडणं असताना कोकणात आगीचं एवढं कौतुक कशाला? खरी अडचण पाण्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाडीत टँकर येतो, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं. म्हणून सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, माथ्यावर पाणी शोधत उन्हात फिरू नका. जांभा संपून खाली चिकणमाती लागते तिथे उताराला झरे फुटतात, तिकडे बघा. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, असाल तर भरतीच्या रेषेच्या बरंच वर, वाळूच्या उंचवट्यामागे खणा. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पहिला ओलावा लागला की थांबा आणि पाणी साचू द्या, आणखी खोल गेलात तर मचूळ लागेल. मिळेल ते पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळा.

समुद्राचं पाणी घोटभरही नको. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला तुम्ही प्यायलात त्याहून जास्त पाणी लागतं. उन्हात राबताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, म्हणजे नुसतं बसून राहणं हेही एक कौशल्यच झालं. ते मला सगळ्यांत जड गेलं.

भरती-ओहोटीचं गणित घरातल्या म्हाताऱ्यांकडून शिकून घ्या. घड्याळ, मोबाईल काही जवळ नसतं, पण चंद्र असतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. दशमी असेल तर साधारण साडेसातला पूर्ण भरती, सकाळी आणि रात्रीही, आणि मग सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज ती पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण खडपावर अडकण्यापासून एवढा हिशोब वाचवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं, म्हणून खाणं भरपूर सापडतं, आणि परतही जोरात येतं. फुगणारा केंड मासा गळाला लागला तर तो सोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

साप म्हटलं की लोकांना नाग आठवतो. आपल्या कातळावर काळजी करायची ती फुरश्याची. हातभर लांबीचं, मातकट, दगडाखाली बसणारं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव न हलवता दवाखाना गाठायचा. त्याच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून 'काही होत नाहीये' असं वाटलं तरी जायचंच, आणि स्पर्धा तिथेच सोडायची. हे मनाशी आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी ठरवता येत नाही.

शरीराचं थोडक्यात. दोन आठवडे आधीपासून रोज तासभर उन्हात चाला, घाम गाळायची सवय व्हायला एवढा काळ लागतो. उपाशी राहायचा सराव करू नका, उलट दोन किलो वाढवून जा. दात तपासून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्रात जाणत्या माणसासोबत सराव करावा. प्रवाह आत ओढू लागला की किनाऱ्याकडे धडपडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचं. आणि चहा सोडा, हळूहळू कमी करत. दिवसाला सहा कप पिणारं माणूस बेटावर गेलं तर पहिले दोन दिवस त्याचं डोकं असं फुटतं की पाणी, निवारा काही सुचत नाही. आमच्या तुकडीतला सगळ्यांत दणकट गडी याच पायी दुसऱ्या दिवशी परत गेला.

कागदपत्रं सावकाश वाचा. तुम्हाला बाहेर काढायचा निर्णय डॉक्टरचा की आयोजकांचा, बोट किती वेळात पोहोचते, विमा कोण उतरवतं, हे लेखी मागा. आपल्या नेहमीच्या अपघात विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. निवड झाल्यावर कोणी 'नोंदणी शुल्क' म्हणून पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. आणि घरच्यांसाठी एक चोवीस तास चालणारा नंबर घ्या. आमच्या घरी तो फ्रीजवर चिकटवला होता. पहिल्याच रात्री आईने त्यावर फोन करून विचारलं, पोरगी जेवली का?