सेंटरची नोकरी सोडताना: वर्तन विश्लेषकांनी स्वतःचं काम कसं उभं करावं

ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्या मुलांच्या थेरपी सेंटरमधून बाहेर पडणाऱ्या एबीए (अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे वागण्याचं कारण शोधून ते बदलण्याची पद्धत) थेरपिस्टच्या डोक्यात आधी गाळा, डिपॉझिट आणि खेळण्यांची यादी येते. तिथून सुरुवात करू नका. पहिलं वर्ष पालक-प्रशिक्षणाला द्या. त्याला गाळा लागत नाही, आणि मूल जिथे बहुतेक वेळ असतं तिथलंच वागणं बदलतं.

आधी पाटीवर काय लिहायचं ते ठरवा. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेने 1 जानेवारी 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. त्यामुळे नव्याने येणारे क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रांकडे वळतात. ही खासगी प्रमाणपत्रं आहेत, सरकारी परवाना नव्हे. पालकांनाही तसंच सांगा. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी नसेल तर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटर म्हणवू नका. संबंधित आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत वर्तन विश्लेषकाचा उल्लेख आहे, म्हणून राज्य परिषदेच्या नोंदणीवर लक्ष ठेवा. जुन्या सेंटरचं नेमणूकपत्र पुन्हा वाचा. तिथल्या मुलांच्या फायली आणि पालकांचे नंबर सोबत आणायचे नाहीत.

फी ठरवताना शेजारच्या सेंटरचा दर बघून आकडा टाकू नका. समजा, घरखर्चाला 60,000 आणि कामाच्या खर्चाला (प्रवास, अनुभवी विश्लेषकाचं सुपरव्हिजन, विमा, छपाई) 18,000 लागतात. नोंदी, रिपोर्ट आणि फोन यांत निम्मा वेळ जातो, म्हणून महिन्याला 65 तासांचेच पैसे मिळतील असं धरा. 78,000 भागिले 65, म्हणजे तासाला 1,200. मोफत गेलेले तास यात धरले नाहीत की चार महिन्यांत दम निघतो.

सुटे तास विकू नका, आठ आठवड्यांचा ठराव करा. पहिले दोन आठवडे मुलाखत, तासाभराची दोन निरीक्षणं आणि नोंदी. नंतर आठवड्याला 75 मिनिटांचं एक सत्र. निम्मी फी आधी घ्या. सत्राला 24 तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना रद्द केल्यास ते मोजलं जाईल, हे कागदावर सही घेऊन ठेवा. व्हिडिओ काढण्याची आणि जपण्याची परवानगी वेगळ्या कागदावर घ्या.

खरं काम फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात होतं. तीन रकाने पुरेत: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दिवसाला तीन मिनिटांपेक्षा जास्त लिहायला लावलं तर दुसऱ्या आठवड्यात तक्ता कोरा येतो. पालक सुरुवातीला 'हट्ट केला' असं लिहितात. त्यावरून काहीच मोजता येत नाही. 'मोबाईल काढून घेतला. जमिनीवर पडून 4 मिनिटं ओरडला. मोबाईल परत दिला' असं लिहून दाखवा. तीन ओळींत ओरडण्याचं कारण आईला स्वतःलाच दिसतं.

आता मोबाईल देणं बंद करा, एवढं सांगून निघालात तर काम फसलंच. आधी 'अजून पाच मिनिटं' हे कार्डाने किंवा शब्दाने मागायला शिकवा आणि सुरुवातीला दर वेळी मान्य करा. ओरडणं कमी होण्याआधी काही दिवस वाढू शकतं, हे पहिल्याच सत्रात सांगा. तिसऱ्या दिवशी हात टेकून मोबाईल दिला, तर जास्त वेळ ओरडलं की मिळतं हेच मूल शिकतं. म्हणूनच पहिल्या सत्राला आजी-आजोबांनाही बसवा. आईने नाही म्हटलेली वस्तू आजीने दिली तर त्यात आजीची चूक नाही. तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

वागणं अचानक बिघडलं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. दात, कान, बद्धकोष्ठता यांचं दुखणं वागण्यातूनच बाहेर येतं. स्वतःला गंभीर इजा करणारं मूल एकट्याने घेऊ नका.

क्लिनिकल कामाचा थकवा आला असेल तर चाकण-रांजणगावसारख्या एमआयडीसीत वर्तनाधारित सुरक्षेचं, म्हणजे कामगारांच्या सवयी बघून अपघात कमी करण्याचं काम आहे. कौशल्य तेच: पाच-सात वर्तनं निवडायची (मशीनचं गार्ड लावलं का, हातमोजे घातले का), सुरक्षित नोंदी भागिले एकूण नोंदी गुणिले 100 करायचं आणि आकडा त्याच शिफ्टला दाखवायचा. करारात एक अट नक्की घाला: नोंदीत कामगाराचं नाव नाही आणि त्यावरून दंडही नाही. ती नसेल तर महिन्याभरात सगळे तक्ते 100 टक्के येतील आणि अपघात तेवढेच राहतील.