सुटकेस वायर फीडरला पॉवर सोर्स कुठला लावायचा

चाकण, तळेगाव, रांजणगाव साइडला शेड आणि स्ट्रक्चरची कामं घेणारे बरेच जण आता साइटवर स्टिकच्या (इलेक्ट्रोडच्या कांडीच्या) वेल्डिंगच्या जोडीला सीओटू, म्हणजे गॅसवरचं वायर वेल्डिंग, नेतात, आणि त्यासाठी सुटकेससारखा बंद डब्याचा वायर फीडर, म्हणजे टॉर्चला वायर पुरवणारा डबा, घेतात. फीडर घेताना सगळे रोलर बघतात, टॉर्च बघतात, आणि मशीनचं विचारलं की म्हणतात आहे ना आपला जुना रेक्टिफायर (स्टिकचं डीसी मशीन), तो लावू. इथेच थांबा. वेल्ड चांगला येणार का नाही हे फीडरपेक्षा मशीनवर जास्त ठरतं.

पहिली गोष्ट, मशीन सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज) आहे का सीसी (कॉन्स्टंट करंट). स्टिक आणि टिगचं मशीन सीसी असतं, म्हणजे करंट धरून ठेवतं. वायरला सीव्ही लागतं, म्हणजे व्होल्टेज धरून ठेवणारं. कारण असं की वेल्डरचा हात जरा खाली गेला की आर्क छोटा होतो, मग सीव्ही मशीन करंट झपकन वाढवतं, वायर जास्त वेगाने जळते आणि आर्क आपोआप जागेवर येतो, हात वर गेला की उलटं. सीसीमध्ये करंट हलतच नाही, त्यामुळे बारीक सॉलिड वायर एकतर जॉबला टोचत राहते नाहीतर मागे वितळून टीपला चिकटते. वेल्डरला बोल लावून उपयोग नाही, मशीनच त्या कामाचं नाही.

सेकंडहँड मशीन घेताना हे ओळखायचं कसं, तर नेमप्लेट वाचा. ४०० अँपिअरसमोर ३४ व्होल्ट लिहिलं असेल तर ते मिगचं, म्हणजे सीओटूसारख्या वायर वेल्डिंगचं रेटिंग, ३६ व्होल्ट असेल तर स्टिकचं. मिगचा हिशोब १४ अधिक करंटच्या ०.०५ पट, स्टिकचा २० अधिक ०.०४ पट, असा ठरलेला आहे. दोन्ही ओळी असतील तर मल्टीप्रोसेस मशीन, आणि साइटवाल्याने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, एकाच मशीनवर दोन्ही कामं होतात.

आता फीडर दोन जातीचे. एक कंट्रोल केबलवाला, त्याला मशीनच्या मल्टीपिन सॉकेटमधून २४ किंवा ४२ व्होल्ट सप्लाय लागतो, म्हणून मशीन आणि फीडर वेगळ्या कंपनीचे असतील तर पिन आणि व्होल्टेज दोन्ही जुळतात का ते आधी विचारा. दुसरा व्होल्टेज सेन्सिंगवाला, तो आर्कच्याच व्होल्टेजवर चालतो, फक्त एक छोटा क्लिप जॉबला लावायचा. साइटवर हा सोयीचा, कारण कंट्रोल केबल पत्र्याखाली सापडून तुटायची भानगडच नाही. पण साध्या सेन्सिंग फीडरवर व्होल्टेज कमीजास्त करता येत नाही, वेल्डर वर ट्रसवर आणि मशीन खाली, प्रत्येक वेळी हेल्परला ओरडून सांगावं लागतं. आणि फीडरमध्ये कॉन्टॅक्टर आहे ना हे नक्की बघा, नसेल तर ट्रिगर न दाबताही वायर लाइव्ह राहते, पावसाळ्यात ओल्या लोखंडावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

सेन्सिंग फीडर सीसी रेक्टिफायरवरही चालतो, खोटं नाही. १.६ एमएमची जाड फ्लक्स कोअर (आत पावडर भरलेली) वायर असेल आणि किरकोळ काम असेल तर निभतं. पण कॉलम, गर्डर, जिथे इन्स्पेक्शन होणार तिथे करू नका. एसी ट्रान्सफॉर्मरवर तर अजिबात नाही. टिग मशीनची आर्क सुरू करणारी हाय फ्रिक्वेन्सी चालू ठेवून फीडर जोडला तर त्याचं कार्ड उडू शकतं. मशीनमध्ये व्हीआरडी (व्होल्टेज कमी करणारं सेफ्टी डिव्हाइस) असेल तर तोही बघा, त्याने रिकामं, म्हणजे आर्क नसतानाचं व्होल्टेज इतकं खाली येतं की काही फीडर सुरूच होत नाहीत.

अँपिअर किती? १.२ एमएम वायरवर साइटचं बहुतेक काम २०० ते २५० अँपिअरमध्ये होतं. म्हणून ४०० अँपिअर, ६० टक्के ड्यूटी सायकलचं मशीन घ्या, म्हणजे ४०० वर १० मिनिटांत ६ मिनिटं, आणि सलग चालवायचं तर साधारण ३१० पर्यंत. हे रेटिंग ४० डिग्रीला दिलेलं असतं, एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली त्याच्या वर जातं, त्यामुळे थोडं जास्त घेतलेलं वाया जात नाही.

केबलकडे कुणी बघतच नाही आणि तिथेच सगळी मजा जाते. ७० स्क्वेअर एमएमची कॉपर केबल ३० मीटर आणि तेवढीच अर्थची, २५० अँपिअरला जवळजवळ ४ व्होल्ट तिच्यातच जातात, ३५ ची टाकली तर साडेसात. मशीनवर २६ दिसतंय आणि आर्कला १९ पण मिळत नाहीत, मग म्हणायचं मशीन बेकार. अर्थचा क्लॅम्प घासून, रंग काढून, जॉबच्या जवळ लावा, आणि उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका.

सप्लायचा हिशोब पण करा. २५० अँपिअर गुणिले साडेसव्वीस व्होल्ट म्हणजे साडेसहा किलोवॉटच्या वर, मशीनचा लॉस धरून आठच्या आसपास, घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही, थ्री फेज ४१५ व्होल्ट पाहिजे. गुरुवारी महावितरणची लाइट गेली म्हणून डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवणार असाल तर किमान १५ केव्हीए घ्या, त्याच डीजीवर ग्राइंडर आणि हॅलोजन लावणार असाल तर अजून मोठा.

एक अजून, पोलॅरिटी बदलता आली पाहिजे. गॅसवर ईआर७०एस-६ (सॉलिड) किंवा ई७१टी-१ (फ्लक्स कोअर) वायरला टॉर्च पॉझिटिव्हला, बिनगॅसच्या ई७१टी-११ वायरला निगेटिव्हला. आणि उघड्यावर ही बिनगॅसची वायरच कामाची, ताशी ८ किलोमीटरच्या वर वारा गेला की गॅस उडून वेल्डमध्ये पोरोसिटी (बारीक भोकं) येते, माळावरच्या प्लॉटवर एवढा वारा दुपारी असतोच. मग ताडपत्रीचा आडोसा करा नाहीतर वायर बदला.

मशीन घ्यायला जाताना स्वतःचा फीडर, स्वतःची वायर आणि साइटवर वापरणार तेवढी पूर्ण केबल घेऊन जा, दुकानातल्या दोन मीटरच्या केबलवर सगळीच मशीनं छान चालतात. तुमची केबल पूर्ण उलगडून तुमच्याच वेल्डरला २५० वर दहा मिनिटं सलग चालवायला लावा, मधे ट्रिप होतंय का, वायर अडखळतेय का ते बघा आणि मगच पैशाचं बोला.