अवाँ-गार्द साहित्याचा अभ्यास: आधी तंत्र, मग आशय

अवाँ-गार्द, म्हणजे रूढ चौकटी मोडून नवे प्रयोग करणाऱ्या, साहित्याच्या अभ्यासाला बसलेला नवा विद्यार्थी बहुधा आशयसूत्रांची यादी करू लागतो: महानगर, यंत्र, युद्ध, स्वप्न, दुभंगलेले व्यक्तित्व, भाषेवरचा उडालेला विश्वास. यादी खोटी नसते. पण तिच्या आधारे दोन लेखकांतला फरक मात्र सांगता येत नाही. हा विषय बराच काळ वाचल्यावर आणि शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्रत्येक कृतीला पहिला प्रश्न तंत्राचा विचारावा: ते कुठून उचलले आणि कशासाठी वापरले?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा चित्रकलेत सापडते. अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनचे १९१४चे ‘टेंडर बटन्स’ हे पुस्तक घनवादी (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी) चित्रे पाहिल्याशिवाय वाचणाऱ्याला ते केवळ विक्षिप्त वाटते. फ्रेंच कवी आपोलिनेरच्या पावसावरील कवितेत अक्षरे एकाखाली एक अशी तिरकी उतरत जातात. कवी सांद्रारची रेल्वेप्रवासाची कविता सोनिया दलोने या चित्रकर्तीने १९१३ साली सुमारे दोन मीटर लांबीच्या घडीच्या कागदावर रंगांच्या सोबतीने मांडली. अशा कविता संकलनग्रंथात सरळ ओळींत छापलेल्या वाचून त्यांवर टिपण काढण्यात फारसा अर्थ नाही. मूळ पानांची छायाचित्रे मिळवून तीच वाचावीत.

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अधिक कसोटीचा आहे. इटालियन कवी मारिनेत्तीचा भविष्यवादी (यंत्र आणि वेगाचा गौरव करणाऱ्या चळवळीचा) जाहीरनामा १९०९ साली ‘ल फिगारो’ या पॅरिसच्या दैनिकात आला आणि त्यात युद्धाचे उघड गुणगान होते. बाल्कन युद्धातील एड्रियानोपलच्या वेढ्यावर बेतलेले त्याचे १९१४चे ‘झांग तुंब तुंब’ व्याकरण मोडते, टंक लहानमोठे करते आणि तोफांचे आवाज पानावर उमटवते. दोनच वर्षांनी, पहिले महायुद्ध चालू असताना, तटस्थ झुरिकमधील काबारे व्होल्तेअर या कलावंतांच्या अड्ड्यातील मंचावर जर्मन कवी ह्युगो बाल पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा वेश चढवून कोणत्याच भाषेत नसलेले शब्द म्हणू लागला. ध्वनीला अर्थापासून सोडवण्याचे तंत्र जवळजवळ तेच. पण पत्रकारितेने नासवलेली भाषाच नको, अशी बालची भूमिका होती. एकाने आवाजातून युद्धाचा जल्लोष केला, दुसऱ्याने त्याच युगाच्या भाषेकडे पाठ फिरवली. ‘दोघांतही युद्ध हे सूत्र आढळते’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नेमका हाच फरक निसटतो.

योगायोगाच्या तंत्राचेही असेच आहे. कवी त्रिस्तान त्झाराने कविता करण्याची कृती सांगितली: वर्तमानपत्रातला एक लेख घ्यावा, त्यातले शब्द कात्रीने सुटे करावेत, पिशवीत घालून हलक्या हाताने हलवावेत आणि ज्या क्रमाने हाती येतील त्या क्रमाने इमानदारीने उतरवून काढावेत. ही कविता तुमच्यासारखीच असेल, असेही तो बजावतो. यात प्रतिभेच्या थोरवीची थट्टा आहे. १९५९च्या सुमारास ब्रायन गायसिन या चित्रकाराकडून अमेरिकन कादंबरीकार विल्यम बरोजने कापाकापीचे तंत्र घेतले तेव्हा थट्टा मागे पडली. भाषा माणसावर सत्ता गाजवते आणि तिचे तुकडे केल्याने ती सत्ता ढिली होते, असे बरोजला खरोखरच वाटत होते.

सगळेच तंत्र कलेकडून येते असे मात्र नाही. फ्रेंच कवी आंद्रे ब्रतोंने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि युद्धकाळात मनोरुग्णांमध्ये काम केले होते. त्याच्या १९२४च्या अतिवास्तववादी (स्वप्न आणि अबोध मनाला मोकळीक देणाऱ्या चळवळीच्या) जाहीरनाम्यामागे फ्रॉइडइतकाच हा अनुभव आहे. १९६० साली सुरू झालेल्या ‘उलिपो’ या फ्रेंच लेखक-गणितज्ञांच्या गटाने गणिताकडून नियम घेतले. या गटातील जॉर्ज पेरेकच्या १९६९च्या कादंबरीत ‘e’ हे अक्षर कुठेच नाही. पेरेकचे वडील १९४०च्या लढाईत पडले आणि आईला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले. या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये ‘mère’ (आई) आणि ‘père’ (वडील) हे शब्द लिहिताच येत नाहीत. तंत्र हाच आशय होतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

जाहीरनामे कृतींनंतर वाचावेत. ते वाचायला झकास असतात, पण ती घोषणाबाजी आहे, आणि कवी स्वतःच्या घोषणा क्वचितच पाळतात. ध्वनिकवितांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. प्रबंधासाठी संपूर्ण चळवळ न घेता एकच तंत्र आणि ते परस्परविरोधी हेतूंनी वापरणाऱ्या दोन कृती निवडाव्यात. मार्गदर्शकाला विषय तोकडा वाटला, तर मारिनेत्ती आणि बाल यांची पाने त्यांच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवावीत.