टाईल्स आणि सांधे घासायला घेण्याआधी: सगळ्यात आधी दाराची पट्टी बघा

क्लीनर आणायला निघण्याआधी हे वाचा. मी उलट केलं होतं. आधी बाटली आणली आणि मग बाथरूमकडे पाहिलं. फरशी सिरॅमिकची होती, बाटलीवर सिरॅमिकला चालेल असं लिहिलं होतं, एका कोपऱ्यात थेंब टाकून चाचणीसुद्धा केली होती. फरशी लख्ख निघाली. पण दाराशी बसवलेली चार बोटं रुंद संगमरवरी पट्टी मी हिशेबातच धरली नव्हती. घासताना फेस तिच्यावर गेला, पाच-सात मिनिटं तसाच राहिला, आणि धुतल्यावर तिथे पांढुरके, खरखरीत ओघळ उमटले. त्यांना डागही म्हणता येत नव्हतं, कारण डाग वर बसतो. इथे दगडाचा वरचा थरच विरघळला होता. शेवटी कारागिराला बोलावून ती पट्टी घासून पॉलिश करून घ्यावी लागली.

तर पहिलं काम: वही किंवा फोन घेऊन खोलीत उकिडवं बसा. उभ्याने काही दिसत नाही. क्लीनर जिथे जिथे पोचू शकतो ते सगळं लिहून काढा. फरशी, भिंतीच्या टाईल्स, सांधे, जाळी, नळ, काच, खिडकीची कड, चौकटीचा खालचा भाग आणि दाराची पट्टी. पट्टी तर लिहाच. मग तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघा. कागदावर उतार जाळीकडे असला तरी थोडं पाणी दाराकडे सरकतंच, आणि पाणी जिथे जातं तिथे क्लीनरही जाणार. क्लीनर मोठ्या पृष्ठभागाकडे बघून निवडायचा नसतो. त्या खोलीत जे सगळ्यात नाजूक आहे ते बघून निवडायचा असतो.

आता फरशी ओळखा. ग्लेझ्ड सिरॅमिक असेल तर वर काचेसारखा थर असतो, आणि कुठे टवका उडाला असेल तिथे आतला रंग वेगळा दिसतो. व्हिट्रिफाइड टाईल दाट असते, ती पाणी जवळजवळ पीतच नाही. पोर्सिलेन प्रकारात हे प्रमाण 0.5 टक्के किंवा त्याहून कमी असतं. या दोन्ही प्रकारांना बहुतेक घरगुती क्लीनर चालतात. अपवाद हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा. ते किंवा त्याचे क्षार असलेलं काही हाती आलं तर परत ठेवा. ते ग्लेझ खातं, काच खातं आणि त्वचेतून आत शिरून माणसाला गंभीर इजा करतं. घरात त्याचं काहीही काम नाही.

संगमरवर, चुनखडीचा दगड, ट्रॅव्हर्टाइन हे सगळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि दगड झिजतो. मोझेकची लादी म्हणजे बहुधा सिमेंटमध्ये बसवलेली संगमरवराची खडी, म्हणजे आम्लाला दोन्ही बाजूंनी उघडी. ग्रॅनाइट साध्या आम्लापुढे बराच टिकतो, पण ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड ग्रॅनाइटच असेल असं नाही. शंका असेल तर कपाटाखाली, किंवा उरलेला तुकडा असेल तर त्यावर, व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं, किंवा पाच मिनिटांनी पुसल्यावर तेवढी जागा मंद दिसली, तर त्या खोलीत आम्ल नको. ही चाचणी स्वतःच खूण ठेवते, म्हणून दर्शनी जागी करू नका. आणि हल्ली टाईलवर संगमरवराची नक्षी छापलेली असते, तिला फसू नका. एकच शिरांची नक्षी दोन-तीन टाईल्सवर जशीच्या तशी सापडली तर ती छपाई आहे. दाराच्या पट्टीवर मात्र शेजारी जुळवून बघायला दुसरी पट्टी नसते, त्यामुळे तिथे थेंबाशिवाय कळत नाही. मी पट्टीच्या आतल्या कडेला, चौकटीला टेकलेल्या भागावर थेंब टाकला असता तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं.

सांध्यांकडे वळू. लोक टाईल बघतात आणि सांधे विसरतात, खरा मळ तर तिथेच असतो. सांध्यांत भरलेला मसाला म्हणजे ग्राउट. नेहमीचा ग्राउट सिमेंटचा असतो, रुंद सांध्यांत (साधारण 3 मिलिमीटरपेक्षा जास्त) वाळू मिसळलेला. बोट फिरवलं की बारीक खरखर लागते, पाण्याचा थेंब टाकला की तो मुरतो आणि जागा गडद होते. सिमेंट आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, म्हणून आम्ल त्यालाही खातं. दर वेळी थोडंथोडंच, पण सांधा दरवेळी जास्त खडबडीत होतो आणि पुढचा मळ आणखी घट्ट धरतो. दर आठवड्याला व्हिनेगर मारणाऱ्यांचे सांधे काही वर्षांत पोकळ का होतात, ते यातून समजेल. इपॉक्सी ग्राउट गुळगुळीत, प्लास्टिकसारखा असतो, थेंब वरच राहतो. त्याला फारसं काही होत नाही. रंगीत सिमेंट ग्राउटवर क्लोरीनचं ब्लीच नको, रंग उडतो. आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात नखाने दाबल्यावर रबरासारखं जे दबतं ते ग्राउट नव्हे, सिलिकॉन आहे. त्याच्या आत गेलेले काळे ठिपके सहसा निघत नाहीत. तो कापून नवा भरा, बाटल्या वाया घालवू नका.

आता मळ कोणता ते ठरवा. इथे घाई केली की चुकीची बाटली घरी येते.

पांढरा, खडूसारखा, नळाभोवती आणि भिंतीच्या खालच्या अंगाला जमलेला थर म्हणजे जड पाण्यातला क्षार, मुख्यतः पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. तो आम्लानेच जातो. आता वरचं संगमरवराचं वाक्य पुन्हा वाचा. क्षार आणि संगमरवर रसायनाच्या दृष्टीने एकच गोष्ट आहेत, आणि जगातला कुठलाही क्षार काढणारा क्लीनर त्या दोघांत फरक करू शकत नाही. माझ्या पट्टीचं नेमकं हेच झालं. बाटलीने आपलं काम चोख केलं, फक्त ते नको तिथेही केलं.

साबणाचा राखाडी, चिकट थर हा साबणातली मेदाम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम यांच्यातून तयार होतो, म्हणून तो नुसत्या पाण्याने हलत नाही. सौम्य आम्ल अधिक डिटर्जंट, किंवा आम्लारी क्लीनर आणि घासणं, यांनी निघतो. स्वयंपाकघरातला तेलकट मळ आम्लारीने निघतो: धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, किंवा तेलकटपणा काढणारा तयार क्लीनर. तिथे व्हिनेगर ओतून काही होत नाही. गंजाच्या तांबूस डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, आणि तेही आम्लच, म्हणजे पट्टीपासून लांब. गुलाबीसर बुळबुळीत थर मात्र गंज नसतो, तो जिवाणूंचा असतो. डिटर्जंट आणि ब्रशने जातो.

काळ्या बुरशीसाठी बहुतेक जण ब्लीच आणतात. ब्लीचने ठिपका पांढरा होतो, पण सच्छिद्र सांध्याच्या आत ते फार खोल जात नाही आणि ओल राहिली तर बुरशी परतते. माझी पसंती ऑक्सिजन ब्लीचला, म्हणजे सोडियम परकार्बोनेटच्या पावडरीला. गरम पाण्यात टाकली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मोकळा होतो, म्हणजे मळ सुटतो आणि डागाचा रंगही उतरतो. उग्र वास नाही, सिमेंटच्या सांध्यांना आम्लासारखा त्रास नाही. सांध्यांवर ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि घासायचं. मात्र दगडावर आधी चाचणी, आणि उरलेलं द्रावण झाकणबंद बाटलीत ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो, बाटली फुटते.

रोजच्या पुसण्याला साधा तटस्थ क्लीनर, पीएच 7 च्या आसपासचा, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. तो सगळीकडे चालतो, पट्टीवरही. सिमेंटचे सांधे आणि संगमरवरी पट्टी असलेल्या खोलीत मी आता आधी हाच आणि ऑक्सिजन ब्लीच वापरून बघते. निम्म्याहून जास्त वेळा आम्लाची गरजच पडत नाही.

बाटली वाचताना पुढच्या बाजूचे मोठे शब्द सोडा. ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’, ‘सर्व फरश्यांसाठी’ या शब्दांवर विसंबून दगडाजवळ जाऊ नका. लिंबूही नैसर्गिकच आहे आणि संगमरवर खातं. मागे घटक बघा. हायड्रोक्लोरिक, फॉस्फोरिक, सल्फॅमिक, सायट्रिक, ॲसिटिक, लॅक्टिक यातलं काहीही असेल तर ती आम्लाची बाटली. पीएच दिला असेल तर लक्षात ठेवा की तिथला एक अंक म्हणजे दहापट. पीएच 1 चं द्रावण पीएच 3 च्या शंभरपट आम्ल असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे टॉयलेट क्लीनर फरशीवर ओतू नका, कितीही जण ओतत असले तरी. त्याच्या वाफेने स्टीलची जाळी आणि नळाचा मुलामासुद्धा खराब होतो.

मिसळणं. हे मी चुकले नाही, पण चुकणारे लोक पाहिले आहेत, म्हणून ठणकावून लिहिते. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर शस्त्र म्हणून सोडला तोच हा वायू. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन होतं, तेही फुप्फुसांना घातक. एका बादलीत मिसळलं तरच धोका असं नाही. आधी ब्लीच मारलं, नीट धुतलं नाही, आणि वर आम्ल ओतलं, तरी तेच. एका दिवशी एकच बाटली. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून घासू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हातात जवळजवळ खारट पाणी उरतं.

सामान: रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, उघडी खिडकी. नायलॉनचा ताठ, अरुंद ब्रश. तारेचा ब्रश नको, त्याचे कण सांध्यात अडकून गंजतात. स्पंज, दोन बादल्या, जुने टॉवेल, रुंद चिकटपट्टी आणि प्लास्टिकचा कागद. शेवटच्या दोन गोष्टी कशासाठी ते आता सांगायला नको: पट्टीसाठी. आम्ल वापरण्यावाचून इलाज नसेल तर पट्टी पुसून कोरडी करा, प्लास्टिकने झाका, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि खोलीच्या बाजूला गुंडाळलेला टॉवेल बांधासारखा ठेवा. टॉवेल भिजला की बदला. ओला टॉवेल अडवत नाही, वात होऊन आम्ल पलीकडे नेतो.

चाचणी एका जागी करून थांबू नका. टाईलवर एक, सांध्यावर एक, यादीतल्या प्रत्येक पदार्थावर एक. दहा मिनिटं, धुवा, वाळू द्या, मग बघा. ओलं असताना सगळं छानच दिसतं. माझी एका जागची चाचणी खरी होती, पण ती फक्त टाईलबद्दल खरी होती.

प्रत्यक्ष काम. आधी कोरडं झाडून घ्या. सांधे साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे छिद्रं पाण्याने भरतात आणि आम्ल खोल मुरत नाही. हे आम्लासाठी, ऑक्सिजन ब्लीचच्या वेळी सांधे कोरडेच बरे. आम्ल पातळ करायचं असेल तर पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही. ओतू नका, स्पंजने लावा. एका वेळी हात पोचेल एवढाच भाग, आम्ल पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, वाळू तर अजिबात देऊ नका. काम दाराकडून आत, जाळीच्या दिशेने. बाहेर पडायला सोयीचं म्हणून आतून दाराकडे घासत येतात, मीही तशीच आले होते, आणि सगळा फेस पट्टीवर गोळा झाला.

मग भरपूर पाणी, दोनदा तरी. आम्ल होतं तर एकदा खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा आणि परत धुवा. मळकं पाणी सांध्यावर वाळू देऊ नका, पुसून घ्या. प्लास्टिक काढताना त्यावरचं पाणी आत उलटू देऊ नका.

सीलर, म्हणजे छिद्रांत मुरून पाणी आणि डाग अडवणारं द्रावण, सिमेंटच्या सांध्यांनाच, इपॉक्सीला नको. निदान एक-दोन दिवस पूर्ण वाळल्यावर, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. टाईलवर सांडलेला लगेच पुसा. पुढे कधी थेंब मुरायला लागला की परत लावा. संगमरवरी पट्टीला दगडाचा सीलर लावा, पण तो डाग मुरणं थांबवतो, आम्लाने होणारी झीज नाही. सीलर लावलेली पट्टीही झाकायचीच.