ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज बघायला जायचं का?

लातूरला बारावीला फिजिक्स शिकवतो. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात, "सर, कॉलेज बघून येऊ का?" मी उलट विचारतो, बघून आल्यावर ऑप्शन फॉर्ममधला कॉलेजांचा पसंतीक्रम बदलणार आहे का?

आधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीचे कट-ऑफ काढा. रकाना नीट बघा, होम युनिव्हर्सिटीचे, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांचे, आणि बाहेरच्यांचे आकडे वेगळे असतात. जिथे नंबर लागण्याची शक्यताच नाही, तिथे जाणं म्हणजे सहल. फी आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी घरबसल्या कळते. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय मिळत असेल, तर इमारत जुनी दिसली म्हणून ते खाली ढकलणार का? नाही ना? मग तिकीट कशाला काढता?

जायचं ते घोळ मिटत नसेल तेव्हा. सांगलीचं वालचंद की नांदेडचं एसजीजीएस, असा. त्यातही पहिल्या क्रमांकाचा घोळ आधीच मिटवा, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की सीट फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते, आणि बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळवायला, जाता येत नाही. खालच्या पर्यायांसाठी पहिली फेरी लागू द्या. जे हाती येईल तेवढंच बघून या.

रविवारी जाऊ नका, तास चालू असताना जा. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनखाली वाकून बघा. ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा, चमकता कीस पडलेला असेल तर मुलं खरंच काम करतात. गंजलेला चुरा आणि वर प्लास्टिकचं कव्हर असेल, तर ते मशीन फक्त तपासणी समितीसाठी आहे.

खरा प्रश्न राहण्याचा. पहिल्या वर्षी हॉस्टेल कितव्या मेरिटपर्यंत मिळालं, न मिळालेले कुठे राहतात, खोलीचं डिपॉझिट किती, मेस रविवारी रात्री बंद असते का? मुलगी असेल तर अंधार पडल्यावर गेटपासून खोलीपर्यंत एकदा पायी जा.

प्लेसमेंटचं बोर्डावरचं मोठं पॅकेज सोडा. आपल्या शाखेतले किती बसले आणि किती लागले, एवढंच विचारा, आणि तेही शेवटच्या वर्षाच्या मुलांना. हे काम तुमच्या पोरावर सोपवा आणि तुम्ही तोवर ऑफिसात बसा. आईवडील शेजारी उभे असले की सीनियर सगळं छानच सांगतात.